१८ व्या वर्षी स्वतःचे कायदेशीर नाव ठरवण्याचा हक्क असावा काय? सीमाभागातील वाचकांना एक प्रश्न

टिळकवाडीचा वाचक (प्रश्न)

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की आपल्या देशात माणसाला मत देता येते, करार करता येतो, स्वतःच्या वाट्याची जमीन विकता येते. परंतु ज्या नावाने तो हे सर्व करतो ते नाव त्याने ठरवलेले नसते आणि ते ठरवण्याची सरळ वाटही कायद्याने त्याच्यासाठी ठेवलेली नाही. नाव बदलण्याचा स्वतंत्र असा कायदा भारतात नाही. प्रतिज्ञापत्र करावे, वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, राजपत्रात नाव छापून आणावे आणि मग एकेका कार्यालयात जाऊन ते मान्य करून घ्यावे, अशी एक वहिवाट तेवढी पडून गेली आहे. या वहिवाटीत अर्जदाराकडे बहुधा संशयानेच पाहिले जाते: हा मनुष्य नाव का बदलतो आहे, कोणाचे काही बुडवून तर आला नाही ना?

मला असे सुचवावेसे वाटते की १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नागरिकाला एकदा, विनाशुल्क आणि कारण न सांगता, आपले पूर्ण नाव घोषित करता यावे. ज्याला आहे तेच नाव हवे आहे त्याने काहीही करू नये. त्याचे नाव त्यानेच कायम केले असे धरले जावे. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२२ पासून प्रौढ व्यक्तीला आयुष्यात एकदा, नगरपालिकेत साधा अर्ज देऊन, आई व वडील यांपैकी ज्याचे आडनाव आपल्याला मिळालेले नाही त्याचे आडनाव, किंवा दोघांचीही आडनावे, घेता येतात. मात्र अर्जानंतर किमान एक महिना थांबून तिला स्वतः येऊन तो निर्णय पक्का करावा लागतो. इंग्लंडमध्ये तर १६ वर्षांवरील व्यक्तीला केवळ एका लेखी घोषणापत्राने पूर्ण नाव बदलता येते.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठी घरात माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने ओळखला जातो. कन्नड रीतीत पुष्कळदा गावाचे व वडिलांचे आद्याक्षर पुढे लावून नाव शेवटी येते, आणि आडनाव असेलच असे नाही. कर्नाटकाच्या १९६३ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो. त्यामुळे मराठीत सांगितलेले नाव कन्नडमध्ये लिहिले जाते आणि तेथून इंग्रजी अक्षरांत संगणकावर चढते, आणि या प्रवासात त्याचे जे काही होते ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. अशा ठिकाणी स्वतःचे नाव स्वतः घोषित करण्याचा हक्क मिळाल्यास काय साधेल, कोणाचे नुकसान होईल आणि १८ हे वय योग्य आहे काय, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती. सीमाप्रश्नाचा निकाल या धाग्यात लावण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये; तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तेथेच राहू द्यावा.

निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर तालुका

सूचनेमागील हेतू मला मान्य आहे, वय मान्य नाही. आपल्या भागात माणसाचे कायदेशीर नाव १८ व्या वर्षी ठरत नाही आणि खरे पाहता जन्माच्या वेळीही ठरत नाही. ते दहावीच्या परीक्षेची नोंदणी होताना ठरते, आणि त्यानंतर जे काही व्हायचे ते त्या नावामागून फरफटत जाते.

हे कसे घडते ते थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्यांनी शाळेच्या कचेरीत काम केलेले नाही त्यांना याची कल्पना नसते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मुलाचा जन्म नावाशिवायही नोंदवता येतो. नाव नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. खेड्यांतील पुष्कळ नोंदींत ते कधी घातलेच गेले नाही. पहिलीच्या प्रवेशाला मुलाबरोबर जो कोणी येई, आजोबा असो की थोरला चुलता, तो जे नाव तोंडी सांगे ते शिक्षक प्रवेश नोंदवहीत लिहून घेत. बारशाला एक नाव ठेवलेले, घरात दुसऱ्याच नावाने हाक मारलेली, आणि आजोबांनी सांगितलेले नाव तिसरे, असा प्रकार नवलाचा नव्हता. मराठी शाळेतील ती नोंद पुढे शिक्षण खात्याच्या सॅट्स या विद्यार्थी-नोंदीच्या संगणक प्रणालीत कन्नड व इंग्रजी अक्षरांत जाते. एखाद्या मुलाच्या वडिलांचे नाव थोरल्या भावाच्या दाखल्यावर ‘मारुतीराव’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर नुसते ‘मारुती’ असे लागते. एकाच घरात आडनाव एकाचे पूर्ण, दुसऱ्याचे आद्याक्षरापुरते, तर तिसऱ्याचे गावावरून पडलेले असते. नववी-दहावीत परीक्षा मंडळाकडे जी यादी जाते तिच्यात जे असेल तेच गुणपत्रिकेवर छापले जाते, आणि गुणपत्रिकेवर जे छापले ते पासपोर्टपासून निवृत्तिवेतनापर्यंत प्रमाण मानले जाते.

त्यावेळी मुलाचे वय १५ किंवा १६ असते. अर्जावर सही पालकाची. आधारसाठी १५ व्या वर्षी त्याच मुलाच्या बोटांचे ठसे नव्याने घेतात, कारण शरीर बदलले आहे हे सरकारला मान्य आहे. नाव मात्र त्याला कोणी विचारीत नाही.

नावाचा ज्यांना खरोखर जाच होतो अशी मुलेही असतात, त्यांचाही विचार व्हावा. आधीची मुले दगावली म्हणून दृष्ट लागू नये यासाठी दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला ‘नकोशी’ म्हणणारी घरेही होती. २०११ साली साताऱ्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एका समारंभात बदलण्यात आली. तो उपक्रम चांगलाच होता; परंतु सीमेच्या अलीकडे अशी एखादी मुलगी नववीत आपण होऊन शिक्षकांकडे आली आणि तिने नाव बदलून मागितले, तर तिला सांगण्यासारखे आमच्याकडे एकच उत्तर असे, की वडिलांना अर्ज घेऊन पाठव. ज्या वडिलांनी ते नाव ठेवले त्यांच्याकडेच तिला परत पाठवायचे!

म्हणून माझे मत असे आहे की नववीच्या नोंदणीच्या वेळी विद्यार्थ्याला त्याचे नाव मराठी, कन्नड व इंग्रजी या तिन्ही लिप्यांत छापून दाखवावे, पालकाच्या सहीशेजारी त्याचीही सही घ्यावी आणि नाव पालटायचे असेल तर त्याचे म्हणणे तेथेच ऐकावे. १८ व्या वर्षीचा हक्क त्यावर असावा, त्याऐवजी नव्हे. तीन वर्षांनी गुणपत्रिका बदलून घेण्यापेक्षा ती पहिल्यांदाच बरोबर छापणे केव्हाही सोपे.

बेळगावातील एक वकील

गुरुजींनी व्यवहार सांगितला; मी कायद्याची बाजू मांडतो, कारण हा हक्क मुळात आहेच की नाही याविषयी धाग्यात गैरसमज राहू नये.

३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळासंबंधीच्या जिग्या यादव प्रकरणात असे म्हटले की नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा अविभाज्य भाग आहे आणि त्यावर तिचा ताबा असणे हे संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) व २१ शी निगडित आहे. त्या निकालात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत: इतर दस्तऐवजांशी जुळवून घेण्यासाठी केलेली दुरुस्ती, आणि स्वेच्छेने स्वीकारलेले नवे नाव. दुसऱ्या प्रकारात मंडळाला वाजवी अटी घालता येतात, जुन्या नावाचा उल्लेखही ठेवता येतो, पण दार पूर्णपणे बंद करता येत नाही. निकाल केंद्रीय मंडळापुरता असला तरी त्यातील तत्त्वाचा आधार राज्य मंडळासमोरही घेता येतो. अर्थात हे तत्त्व सर्वत्र सारखे लागू होते असे समजू नये. अलाहाबाद उच्च न्यायालयात २०२३ साली एकल न्यायमूर्तींनी एका तरुणाला शाळेच्या प्रमाणपत्रांवर नवे नाव देण्याचा आदेश दिला होता; २०२५ साली खंडपीठाने तो रद्द केला.

आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०२५ मधील निकाल या चर्चेला अधिक जवळचा आहे. उडुपी येथील एका बालकाच्या जन्म दाखल्यावरील नाव पालकांना बदलायचे होते आणि निबंधकाने नकार दिला होता. १९६९ च्या कायद्याचे कलम १५ फक्त चुकीची किंवा फसवणुकीने झालेली नोंद सुधारण्याविषयी बोलते. नोंद बरोबर आहे, पण नाव आता नको आहे, अशा माणसासाठी त्यात जागाच नाही. राज्याच्या विधी आयोगाने २०१३ सालीच या कलमात सुधारणा सुचवली होती, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले, आणि कायद्यात सुधारणा होईपर्यंत प्रतिज्ञापत्र घेऊन, अर्जदाराची ओळख पडताळून, नवे नाव नोंदवावे व आधीचे नावही नोंदीत दिसू द्यावे, अशी वाट घालून दिली.

कलम १५ मधील एक तरतूद मला मूळ प्रश्नाच्या दृष्टीने फार उपयोगी वाटते. दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडायची नसते. समासात शेरा लिहून त्याखाली तारीख व सही करायची असते. निवडलेल्या नावासाठी हीच पद्धत वापरता येईल. त्यासाठी नवे खाते काढण्याची किंवा नवी वही घालण्याची गरज नाही, कलमात एक उपकलम पुरेल. याची निकडही आता वाढली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सर्व ठिकाणी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालेल. ही मुले २०४१ मध्ये १८ वर्षांची होऊ लागतील, आणि तोपर्यंत कलम १५ असेच राहिले तर गुरुजींच्या काळातील दहावीच्या अर्जाची जागा जन्म दाखल्याने घेतलेली असेल.

प्रौढाला नाव निवडू देणे आपल्या कायद्याला अगदी अपरिचित आहे असेही नाही. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याच्या कलम ७ मध्ये, ओळखपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्म दाखल्यावरील व इतर सर्व शासकीय कागदपत्रांवरील आपले पहिले नाव बदलण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला होता. एका वर्गाला जे देता आले ते सर्वांना का देता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सापडलेले नाही.

सोसायटीचा सचिव, निपाणी

तत्त्व ऐकून बरे वाटते, पण कर्जाच्या वसुलीला बसणाऱ्याने काय करायचे? आमच्याकडे एकाच गावात तिन्ही भाग सारखे असलेली नावे निघतात, आणि जामीनदार नेमका कोणता हे ठरवताना आजही नाकी नऊ येतात. १८ ते २१ या वयातला मुलगा दुचाकीसाठी कर्ज उचलतो, मित्राला जामीन राहतो. त्याच मुदतीत त्याला कारण न विचारता नाव बदलू द्यायचे म्हणजे बुडव्यांना मोकळे रान देणे आहे. हौस म्हणून ठेवलेले नाव घरात खुशाल असावे. कायदेशीर नाव ही एकट्याची वस्तू नसते, ज्यांनी त्या नावावर विश्वास ठेवून पैसे दिले त्यांचाही त्यात हितसंबंध असतो. हक्क द्यायचाच असेल तर जुने नाव सर्व व्यवहारांत दीर्घकाळ सोबत लिहिण्याची सक्ती असावी, आणि घोषणेच्या वेळी कोणतेही कर्ज किंवा दावा थकीत नाही असे लिहून घ्यावे.

शहापूरची माहेरवाशीण

सचिव महाशय, नाव बदलून माणूस दिसेनासा होतो अशी आपल्याला भीती वाटते. बायकांच्या बाबतीत तर हे रोजच होत आले आहे आणि कोणत्याही सोसायटीने त्यावर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती व्यक्ती नाव, वडिलांचे नाव व आडनाव या तिन्ही भागांत वेगळी झालेली असते. असे केलेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. तरीही दहावीची गुणपत्रिका एका नावाची, रेशन कार्ड दुसऱ्या नावाचे आणि बँकेचे पासबुक दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी रूपाचे, ही आमच्या वयाच्या बहुतेकींची स्थिती आहे.

याचा त्रास कोठे होतो तेही लिहिते. कर्नाटकाने १९९४ साली, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्माने हिस्सा दिला. पण वडील गेल्यावर वारसा नोंदीच्या वेळी वंशावळीत माहेरचे नाव आणि हातातल्या आधारवर सासरचे नाव असते, मग ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करीत बसावे लागते. भावाला ते करावे लागत नाही. नावांतला हा फरक पाहून ‘आता कशाला एवढा खटाटोप, सोडून दे हिस्सा’ असे प्रेमाने सांगणारे नातलग काही कमी नसतात.

आता मूळ सूचनेकडे येते. १८ ते २१ ही मुदत पाहून मला धडकीच भरली. आमच्या खेड्यांत मुलींची लग्ने नेमकी याच वयात होतात. आयुष्यात एकदाच मिळणारी संधी याच तीन वर्षांत वापरायची असा नियम केलात, तर ती संधी मुलीची राहणार नाही, सासरची होईल. ‘सरकारनेच सोय केली आहे, फुकट आहे, चल सही कर’ असे म्हणून तिला घेऊन जातील, आणि ती तिशीची होऊन स्वतःचे मत सांगण्याइतकी खंबीर होईल तेव्हा तिचा हक्क संपलेला असेल. म्हणून वरच्या वयाची मर्यादा काढावी. लग्नामुळे केलेला बदल या एका संधीत मोजू नये आणि तो केव्हाही मागे घेता यावा. फ्रान्समधल्यासारखी महिनाभर थांबण्याची अट आपल्याकडे तर हवीच, शिवाय दुसऱ्या वेळी तिने एकटीने यावे, सोबतच्या माणसांना बाहेर बसवावे.

चिकोडी भागातील एक तरुण

वर सर्वांनी नाव आणि आडनाव यांविषयी लिहिले. मधल्या नावाविषयी मी लिहितो.

माझी आई लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली. देवदासी म्हणून मुली अर्पण करण्यास बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा आहे, पण कायदा झाला म्हणून आधी सोडलेल्या बायका आणि त्यांची मुले नाहीशी झाली नाहीत. शाळेत वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही असे सांगण्यात आले, म्हणून आजोबांचे नाव तेथे लिहिले गेले. कागदोपत्री मी माझ्या आईचा भाऊ ठरतो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. त्या रकान्याची व्यवस्था ज्यांनी केली त्यांना वाटायला हवी.

महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम केला. कोल्हापूरला शिकणारे आमच्यातले काही जण त्यावर खूश आहेत. मला त्यातही वडिलांची जागा भरावी लागतेच. माझ्यासारख्याला १८ व्या वर्षी नवे नाव नको असते, माझे पहिले नाव मला आवडते. नावात किती भाग असावेत आणि मध्ये कोणाचे नाव असावे, हे ठरवण्याची मोकळीक मला हवी आहे. आईचे नाव मध्ये घेऊन मी सही करतो. ती सही कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

टिळकवाडीचा वाचक

सर्वांचे आभार. शहापूरच्या ताईंचा आक्षेप मला पूर्णपणे पटला. वरची वयोमर्यादा माझ्या सूचनेतून मी काढून टाकतो आणि विवाहामुळे होणारे बदल वेगळे धरतो. चिकोडीच्या मित्राने लिहिल्यावर ‘पूर्ण नाव’ या शब्दांत नावाची रचनाही अभिप्रेत आहे असे स्पष्ट लिहायला हवे. तीन भागांची सक्ती नसावी, एकाच भागाचे नाव ठेवण्याचीही मुभा असावी. मात्र आखाती देशांत जाणाऱ्यांना त्याचे परिणाम आधी सांगावेत, कारण पासपोर्टवर नाव किंवा आडनाव यांपैकी एकच रकाना भरलेल्या प्रवाशांना पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून थांबवले.

निपाणीच्या सचिवांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारने बेळगाव शहराचे व त्याबरोबर राज्यातील इतरही शहरांचे अधिकृत नाव बदलले, त्या दिवशी जुने नाव छापलेली खरेदीखते आणि कर्जरोखे निरुपयोगी झाले काय? नोंद पुढे चालू राहिली, कारण ठिकाण तेच होते. माणसाचा तर आज पॅन क्रमांकही असतो आणि नाव बदलले म्हणून तो बदलत नाही. कर्ज त्या क्रमांकावर असते. जुने नाव नोंदीत ठेवावे हे आपले म्हणणे मला मान्य आहे. थकबाकी नसल्याचा दाखला आणल्याखेरीज नाव द्यायचे नाही हे मात्र मान्य नाही, कारण तसे केल्यास आईबापांनी काढलेल्या कर्जात ज्याची सही अडकली आहे त्या मुलाला स्वतःचे नाव कधीच मिळणार नाही.

वकीलसाहेबांना शेवटचे विचारतो. आडनावावरून जात कळू नये म्हणून गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव घेण्याचा विचार करणारे काही विद्यार्थी माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या आरक्षणाला धक्का बसेल काय? आणि कायदा होईपर्यंत आज १८ पूर्ण झालेल्याने काय करावे?

सोसायटीचा सचिव, निपाणी

पॅनचे म्हणणे ठीक आहे, पण आमचे निम्मे सभासद विड्या वळणारे आणि शेतमजूर आहेत, त्यांच्याकडे पॅन असतेच असे नाही. जुने नाव नोंदीत राहणार असेल तर थकबाकीच्या दाखल्याची अट सोडायला माझी हरकत नाही. नोंद कोणालाही पाहता येईल काय, एवढेच ठरवा.

बेळगावातील एक वकील

कोणालाही पाहता येऊ नये, असे माझे मत आहे. ज्याचा त्या व्यक्तीशी व्यवहार आहे त्याला अर्ज करून पाहता यावी. ज्या नावापासून माणूस सुटू पाहतो ते चारचौघांत मिरवायला लावले तर बदलाला अर्थच राहणार नाही.

आडनावाविषयी. जात ही जन्माने ठरते असे कायदा धरतो, नावाने नाही. त्यामुळे आडनाव बदलले म्हणून आरक्षणाचा हक्क जात नाही. अडचण पुराव्याची असते. जातीचा दाखला काढताना वडिलांचे व आजोबांचे शाळेचे दाखले लागतात आणि तुमचे आडनाव त्यांच्याशी जुळेनासे झाले की दरवेळी राजपत्राची प्रत जोडून खुलासा करावा लागतो. म्हणून अशा विद्यार्थ्यांनी आधी जुन्या आडनावाने जातीचा दाखला काढून घ्यावा आणि मग बदलाकडे वळावे. पहिले नाव बदलणे त्या मानाने पुष्कळच सोपे आहे.

कायदा होईपर्यंत जो मार्ग उपलब्ध आहे त्यात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावे, त्यात जुने व नवे नाव मराठीत बोलतो तसे नव्हे, तर इंग्रजीत जसे छापून हवे आहे त्याच अक्षरांत लिहावे आणि कन्नड रूपही सोबत द्यावे. मग दोन वृत्तपत्रांत, बहुधा एका स्थानिक भाषेतील व एका इंग्रजी, जाहिरात द्यावी आणि राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे. त्यानंतरच आधारला हात लावावा. आधारवरील नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येते, आणि शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्तीत एक संधी घालवून बसलेले पुष्कळ लोक माझ्याकडे येतात. मुलींनी तर ती दुसरी संधी लग्नात कोणाच्या आग्रहाखातर खर्च करू नये. आधारनंतर पॅन, बँक, मतदार यादी आणि पासपोर्ट ही कामे एकमेकांच्या आधारे होतात.

चिकोडीच्या तरुणाला वेगळे सांगायचे आहे. अविवाहित मातेच्या एका प्रकरणात ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की तिने प्रतिज्ञापत्रासह अर्ज केल्यास वडिलांचे नाव न विचारता मुलाचा जन्म दाखला द्यावा. तुमची नोंद आधीच झालेली असली आणि त्यात चुकीचे नाव वडील म्हणून आलेले असले, तर ते ‘नाव बदलणे’ नव्हे. नोंदीतला मजकूर वस्तुस्थितीला सोडून आहे, म्हणजे तुमचे काम थेट कलम १५ मधील दुरुस्तीत बसते. आईचे प्रतिज्ञापत्र त्यात सर्वांत महत्त्वाचे ठरेल. ते तिच्या हयातीत करून घ्यावे. शाळेतील प्रवेश नोंदवहीच्या मूळ पानाची प्रमाणित प्रतही अर्ज करण्यापूर्वी काढून ठेवावी, कारण नाव बदलून झाल्यावर जुन्या नावाने ती मागायला गेलात तर तुम्हीच ती व्यक्ती आहात हे पटवून देणे अवघड जाते.